एकाच बाकावर दोन पक्ष: राजकारण तापलेलं असताना वॉर्डातला शेजारधर्म कसा सांभाळायचा

ऑक्टोबर 2024. अमेरिकेत अध्यक्षपदाच्या मतदानाला तीन आठवडे उरले होते. रविवारी सकाळी चॅपेलमध्ये मी नेहमीच्या बाकावर बसले होते आणि आमच्याच गल्लीतले एक वयस्कर ब्रदर (चर्चमध्ये आम्ही एकमेकांना ब्रदर, सिस्टर म्हणतो) माझ्या शेजारी येऊन बसले. त्यांच्या अंगणात ज्या उमेदवाराची पाटी रोवलेली होती, ती डोळ्यांसमोर नको म्हणून मी आठवडाभर लांबच्या रस्त्याने मुलाला शाळेत सोडत होते.

सॅक्रामेंटची, म्हणजे ख्रिस्ताच्या स्मरणार्थ ब्रेड आणि पाणी घेण्याची, वेळ झाली. एक लहान मुलगा ब्रेडचा ट्रे घेऊन आमच्या रांगेपाशी आला. आमच्याकडे ट्रे हातोहात सरकतो: आपण तुकडा घ्यायचा आणि पुढच्यासमोर ट्रे धरायचा. माझ्या मांडीवर मुलगी झोपली होती, एक हात तिच्या डोक्याखाली अडकलेला. त्यांच्या ते लक्षात आलं. त्यांनी ट्रे माझ्या बाजूला जरासा कलता केला आणि तसाच धरून ठेवला. हात थरथरत होता, त्यामुळे ब्रेडचे तुकडे हळूहळू एका कडेला गोळा झाले. मी एक उचलला. आठवडाभर ज्या माणसाला चुकवत होते, त्याच्याच हातून मला ख्रिस्ताच्या देहाची खूण मिळाली. त्या दिवशी मी घरी नेहमीच्या रस्त्याने गेले.

पुढे जे लिहिते आहे ते त्या रविवारनंतर करून पाहिलेलं आहे, काही जमलेलं, काही फसलेलं. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी सेंट्ससाठी आणि ज्यांच्या घरात किंवा शेजारात आमच्यातलं कुणी आहे त्यांच्यासाठी हे आहे. नावाबद्दल एक सांगते. ‘मॉर्मन’ हे नाव आम्हाला लोकांनी दिलं. 2018 मध्ये तेव्हाचे अध्यक्ष रसेल एम. नेल्सन यांनी पूर्ण नाव वापरायची विनंती केली: द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स. ते लांब आहे, म्हणून मी पुढे ‘चर्च’ आणि ‘सेंट्स’ म्हणेन.

सुरुवातीला: वॉर्ड म्हणजे काय ते ओळखा

आमच्याकडे तुम्ही कुठल्या मंडळीत जायचं हे तुमचा पत्ता ठरवतो. नकाशावर रेषा आखलेल्या असतात. त्या रेषेच्या आत राहणारे सगळे एका वॉर्डात. प्रवचन आवडलं नाही, माणसं पटली नाहीत, म्हणून पलीकडच्या वॉर्डात नाव घालायची रीत नाही. पगारी पाद्रीही नाही. बिशप म्हणजे गल्लीतलाच कुणी दंतवैद्य किंवा इलेक्ट्रिशियन, जो साधारण पाच वर्षं पगाराशिवाय हे काम करतो. आज मी शिकवते आणि तुम्ही ऐकता, पुढच्या वर्षी उलट.

मराठीत याला सरळ शब्द आहे: शेजार. आणि शेजाराला धर्म जोडायची सवय आपल्या भाषेला आधीपासून आहे. माझं माहेर सांगली जिल्ह्यातलं. ग्रामपंचायतीची निवडणूक झाली की दोन भावक्यांत वर्षवर्ष बोलणं बंद व्हायचं. लग्नाचं आमंत्रणही जायचं नाही. पण कुणाच्या घरी मयत झालं की विरोधी गटातला माणूस सगळ्यात आधी दारात उभा असायचा. हैदराबादला नोकरीत असताना 2009 मध्ये मी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा बुक ऑफ मॉर्मन या आमच्या धर्मग्रंथातल्या मोझायाच्या 18व्या अध्यायातलं वचन मला वाचून दाखवलं होतं: एकमेकांचं ओझं उचलायचं, शोक करणाऱ्यांबरोबर शोक करायचा, ज्यांना धीर हवा त्यांना धीर द्यायचा. मला ते अनोळखी वाटलं नाही. त्यात ‘आपल्या गटातल्यांचं’ असा शब्द नाही, हे मात्र फार नंतर ध्यानात आलं.

वॉर्डात राजकीय तोल सारखा नसतो, हेही धरून चाला. प्यू रिसर्चच्या 2014 च्या पाहणीत अमेरिकेतले 70 टक्के सेंट्स रिपब्लिकन बाजूचे होते आणि 19 टक्के डेमोक्रॅट बाजूचे. म्हणजे दहा जणांच्या वर्गात दोघं वेगळ्या मताची, आणि ती दोघं बहुधा गप्प. बहुसंख्यांना वाटतं की सगळे आपल्यासारखेच. अल्पसंख्यांना वाटतं की आपण एकटे. दोन्ही समज खोटे आहेत आणि दोन्हींतून दुखावणं सुरू होतं.

असं नेहमीच नव्हतं, हे सांगायला मला आवडतं. 1838 मध्ये मिसूरीच्या गव्हर्नरने आमच्या लोकांना राज्यातून हाकलण्याचा, नाहीतर संपवण्याचा हुकूम काढला. 1844 मध्ये जोसेफ स्मिथ यांना जमावाने मारलं, तेव्हा ते स्वतः अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे उमेदवार होते. युटात आल्यावर साहजिकच सेंट्सचा स्वतःचा एक पक्ष झाला, पीपल्स पार्टी, आणि बाकीच्यांचा लिबरल पक्ष. धर्म म्हणजेच पक्ष. 1891 मध्ये पीपल्स पार्टी बरखास्त झाली आणि नेत्यांनीच लोकांना राष्ट्रीय पक्षांत, दोन्हीकडे, विभागून जायला सांगितलं. एका बिशपने सभेत मधोमध हात फिरवून ‘या बाजूचे रिपब्लिकन, त्या बाजूचे डेमोक्रॅट’ असं वाटून टाकलं, अशी आख्यायिका अजून सांगतात. खरी असो नसो, पक्ष म्हणजे श्रद्धा नव्हे हे त्या पिढीला कळून चुकलं होतं.

1896 मध्ये युटा राज्य झालं आणि त्याच वर्षी राज्याच्या सिनेटसाठी मार्था ह्यूज कॅनन डेमोक्रॅट म्हणून उभ्या राहिल्या. त्या डॉक्टर होत्या. समोरच्या रिपब्लिकन यादीत त्यांचे पती अँगस कॅनन होते. मार्था निवडून आल्या, अँगस हरले. अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याच्या सिनेटमध्ये निवडून आलेल्या त्या पहिल्या स्त्री. आता त्यांचा पुतळा वॉशिंग्टनच्या कॅपिटलमध्ये आहे. कुणी मला म्हटलं की चांगल्या सेंट कुटुंबात एकच मत असतं, तर मी या दोघांचं नाव घेते.

पायरी 1: चर्चने काय सांगितलं आणि मी काय ताडलं, हे वेगळं करा

कागद घ्या, मधोमध रेघ मारा. डावीकडे चर्चने स्पष्ट शिकवलेलं लिहा. उजवीकडे त्यावरून तुम्ही काढलेला निष्कर्ष. एकच विषय घ्या. स्थलांतराचा घेऊ, कारण आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात व्हिसाची फाइल आहे.

डावीकडे येईल: शेजाऱ्यावर प्रेम करा, कुटुंबं तुटू देऊ नका, कायदा पाळा. चर्चने या विषयावर हीच तत्त्वं पुन्हा पुन्हा मांडली आहेत. उजवीकडे येईल: म्हणून अमुक विधेयक योग्य, तमुक उमेदवार अयोग्य. आता नीट बघा. डावीकडची तिन्ही तत्त्वं तुमच्या विरोधकालाही मान्य आहेत. त्याने तिसऱ्याला जास्त वजन दिलं, तुम्ही दुसऱ्याला. तो देवाविरुद्ध गेलेला नाही. त्याचा तराजू वेगळा आहे.

हा कागद मी फार उशिरा केला. त्याआधी एकदा संडे स्कूलच्या वर्गात, भरल्या खोलीत, मी म्हणाले होते की असं मत देणारा माणूस ख्रिस्ताचा शिष्य कसा असू शकतो, मला समजत नाही. दोन रांगा पुढे बसलेली एक सिस्टर पर्स उचलून बाहेर गेली. दार तिने हळूच लावलं, तो आवाज मला अजून ऐकू येतो. तिचं काय झालं ते पुढे सांगते.

माझं ते वाक्य नुसतं कठोर नव्हतं, आमच्या शिकवणीच्या विरुद्ध होतं. एप्रिल 2021 च्या जनरल कॉन्फरन्समध्ये, म्हणजे चर्चच्या सहामाही अधिवेशनात, डॅलिन ओक्स यांनी (ते आता चर्चचे अध्यक्ष आहेत आणि एकेकाळी युटाच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते) स्पष्ट सांगितलं की कुठलाही पक्ष किंवा उमेदवार आपल्या सगळ्या अपेक्षा पुऱ्या करू शकत नाही, आणि श्रद्धावान सेंट अमुक पक्षात असूच शकत नाही असं आपण कधीही म्हणू नये. जून 2023 मध्ये प्रथम अध्यक्षमंडळाचं, म्हणजे चर्चच्या सर्वोच्च नेत्यांचं, पत्र अमेरिकेतल्या वॉर्डांत वाचलं गेलं. त्यात तर अभ्यास न करता केवळ परंपरेने किंवा एका पक्षाच्या सगळ्या नावांवर डोळे मिटून शिक्का मारणं हे लोकशाहीला धोका असल्याचं म्हटलं होतं.

नेत्यांमध्येही एक मत नव्हतं. एझ्रा टाफ्ट बेन्सन हे अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या मंत्रिमंडळात 1953 ते 1961 शेतीमंत्री होते, कडवे उजवे. ह्यू बी. ब्राउन डेमोक्रॅट. 1960 च्या दशकात दोघंही चर्चच्या सर्वोच्च नेतृत्वात एकाच वेळी होते. आपल्या काळात सिनेटमधले डेमोक्रॅट नेते हॅरी रीड आणि रिपब्लिकन मिट रॉम्नी, दोघंही आमचेच.

पायरी 2: मतभेद कुठे संपतो आणि तंटा कुठे सुरू होतो ते स्वतःत ओळखा

बुक ऑफ मॉर्मनमध्ये पुनरुत्थित ख्रिस्त लोकांना भेटतो, आणि जवळपास पहिल्या उपदेशातच सांगतो की ज्याच्यात तंट्याची वृत्ती आहे तो माझा नाही (3 नीफाय 11:29). ही ओळ वाचून पुष्कळ जण ठरवतात की गप्प बसणं हाच धर्म. माझ्या मते ते चूक आहे. तंटा आणि मतभेद एक नाहीत. मतभेदात मला विषय दिसत असतो. तंट्यात मला माणूस दिसायला लागतो, आणि त्याला हरवायचं असतं.

माझी स्वतःची खूण शरीरात आहे. कानाच्या पाळ्या तापतात आणि समोरचा बोलत असताना मी उत्तराची वाक्यं जुळवू लागते. ते झालं की मी बोलणं थांबवते. तुमची खूण वेगळी असेल, ती शोधून ठेवा. घरातल्या माणसांना विचारा, त्यांना ती तुमच्याआधी माहीत असते. थांबताना काय म्हणायचं हेही आधीच ठरवा, कारण त्या क्षणी सुचत नाही. मी म्हणते: “तुमचं म्हणणं मला नीट ऐकायचं आहे, आत्ता माझ्याकडून ते होणार नाही. गुरुवारी बोलू?” आणि गुरुवारी खरंच फोन करते. न केला तर ते वाक्य निव्वळ पळवाट ठरतं.

इथे डॉक्ट्रिन अँड कव्हनंट्स या आमच्या आणखी एका धर्मग्रंथाचं 121वं प्रकरण वाचा, पण नेहमीसारखं फक्त शेवटचं पान नको. सुरुवातीपासून वाचा. 1838-39 च्या हिवाळ्यात जोसेफ स्मिथ मिसूरीतल्या लिबर्टी तुरुंगात होते. छत इतकं ठेंगणं की धड ताठ उभं राहता येत नव्हतं. बाहेर त्यांचे लोक घरंदारं सोडून थंडीत राज्याबाहेर चालले होते. मार्च 1839 मध्ये त्यांनी तिथून लिहिलेल्या पत्रातून हे प्रकरण घेतलं आहे. त्याच्या आरंभी देवाला प्रश्न आहे, तू कुठे आहेस? मग संताप आहे, आमच्यावरच्या अन्यायाचा सूड घे अशी सरळ मागणी आहे. आणि त्याच पत्रात पुढे, अधिकार गाजवून काही साधत नाही, मन वळवणं, सहनशीलता, सौम्यपणा, नम्रता आणि खोट नसलेलं प्रेम यांनीच साधतं, असं येतं.

मला हे फार महत्त्वाचं वाटतं. तो सौम्यपणा ज्याचं काही बिघडलं नव्हतं अशा माणसाचा नाही. राग आधी देवापुढे पूर्ण बोलून झाला, मग माणसांशी कसं बोलायचं ते आलं. म्हणून व्यवहारात असं करा: बातमी वाचून पेटलात तर आधी प्रार्थनेत बोला, अगदी त्याच शब्दांत, सुधारून नव्हे. मी स्वयंपाकघरात, कणीक मळताना, मोठ्याने बोलते. मराठीत. राग माझ्या मातृभाषेत आहे, तो इंग्रजीत नीट निघत नाही. त्यानंतर फोन हातात घेते.

पायरी 3: रविवारचे दोन तास

चर्चचा नियम साधा आहे. सभेत आणि वर्गात पक्ष, उमेदवार, प्रचार नाही. इमारती प्रचारासाठी नाहीत, सदस्यांच्या याद्याही नाहीत. अडचण उघड प्रचाराची नसतेच. ती जाता जाता टाकलेल्या वाक्याची असते. ‘हल्ली देशात जे चाललंय ते बघता’, ‘काही लोकांना फुकट हवं असतं’. बोलणाऱ्याला वाटतं सगळे मान हलवतील. आणि मागच्या रांगेत ज्याचा कामाचा परवाना गेल्या महिन्यात संपलाय तो कुणीतरी बसलेला असतो.

तुम्ही शिकवत असाल तर त्या वाक्याला उत्तर देऊ नका आणि सोडूही नका. शास्त्रवचनाकडे वळवा, माणसाला न पाडता. “ब्रदर, तुमची काळजी समजते. या अध्यायात अल्मा अशा वेळी काय करतो ते बघूया का?” एवढं पुरतं. तुम्ही विद्यार्थी असाल आणि बोलावंसं वाटलं तर स्वतःचा अनुभव सांगा, मत नव्हे. ‘तुमचं धोरण क्रूर आहे’ यावर वाद घालता येतो. ‘माझ्या भावाची ग्रीन कार्डची फाइल अकरा वर्षं अडकली आहे आणि आई त्याला न भेटता गेली’ यावर घालता येत नाही.

आणि वर्ग सुटल्यावर, हे सगळ्यात महत्त्वाचं, ज्याला लागलं असेल त्याच्याकडे जा. बोलणाऱ्याकडे नंतर. लागलेला माणूस दरवाजापासून गाडीपर्यंतच्या दोन मिनिटांत ठरवतो की पुढच्या रविवारी यायचं की नाही. मी निव्वळ एवढं म्हणते: “मी ऐकलं ते. तुम्ही इथे आलात याचा मला आनंद आहे.” समजावत बसत नाही.

इथे एक मर्यादा सांगायलाच हवी. 2008 मध्ये कॅलिफोर्नियात समलिंगी विवाह बंद करणाऱ्या प्रपोझिशन 8 या प्रस्तावावर मतदान झालं, तेव्हा चर्चने त्याच्या बाजूने उघड भूमिका घेतली होती, आणि त्यात अनेक घरं आतून फाटली. ज्यांची मुलं समलिंगी आहेत त्या आईबापांना, किंवा ज्यांना त्वचेच्या रंगावरून ऐकावं लागतं त्यांना, ‘तुम्हीच जरा गोड वागा’ असा सल्ला देऊ नका. सौम्यपणाचं जास्त ओझं बहुमताने उचलावं. आणि कुणी अपमानच करत असेल तर खोली सोडून जायला परवानगी लागत नाही.

पायरी 4: मिनिस्टरिंगची यादी

2018 पासून घरोघरी महिन्याचा ठरावीक धडा घेऊन जायची जुनी पद्धत गेली आणि मिनिस्टरिंग आलं. तुम्हाला काही घरं नेमून दिली जातात. त्यांची विचारपूस तुमच्याकडे. माझ्या यादीत एक आजी आहेत. वॉर्डात त्या सिस्टर, पण माझी मुलं त्यांना आजीच म्हणतात. त्यांच्या दिवाणखान्यात दिवसभर जी वृत्तवाहिनी चालू असते ती मला पाच मिनिटं ऐकवत नाही.

पहिले दोन महिने मी दारातूनच बोलून परत आले. मग त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि फिजिओथेरपीला नेण्याची पाळी माझ्यावर आली. मंगळवार, शुक्रवार, सहा आठवडे. गाडीत टीव्ही नव्हता. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी सांगितलं की त्यांचा धाकटा मुलगा अमली पदार्थांनी गेला, आणि सीमेबद्दल बोलणारा प्रत्येक राजकारणी त्यांना त्या मुलाबद्दल बोलतोय असं वाटतं. माझं मत बदललं नाही. पण त्यानंतर त्यांचं मत ऐकताना मला तो मुलगा दिसतो.

त्यातून शिकलेलं असं. खांद्याला खांदा लावून करायचं काम काढा: गाडी चालवणं, सफरचंदं सोलणं, बर्फ ढकलणं. समोरासमोर बसून राजकारण काढू नका. मत विचारण्याआधी गोष्ट विचारा: “हे तुम्हाला इतकं जवळचं कधीपासून वाटायला लागलं?” आणि सेवा हा मत बदलायचा डाव म्हणून करू नका. समोरच्याला ते कळतं, आणि मग तुमच्या हातचं सूपही गोड लागत नाही.

पायरी 5: घर आणि फोन

युटात मतपत्रिका टपालाने घरी येते. आमच्याकडे ती आली की एका संध्याकाळी ताटं उचलून आम्ही दोघं जेवणाच्या टेबलावर बसतो, मधे लॅपटॉप. शिक्षण मंडळ, न्यायाधीश, पाण्याचा कर, सगळं एकेक करून वाचतो. नवरा आणि मी चारपाच ठिकाणी वेगळं मत देतो. मुलं ते बघतात. त्यांनी ते बघावं, म्हणूनच आम्ही टेबलावर बसतो.

फोनबद्दल थोडक्यात. वॉर्डाचा किंवा रिलीफ सोसायटीचा (चर्चमधल्या बायकांच्या मंडळाचा) ग्रुप जेवणाच्या याद्या आणि आजारपणाच्या निरोपांसाठी आहे, तिथे राजकारणाचं काहीही टाकू नका, विनोदसुद्धा. चिडून लिहिलेलं रात्रभर तसंच ठेवा. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आपण दोन वेळचं जेवण सोडून उपवास करतो, त्या चोवीस तासांत मी बातम्यांचाही उपवास धरते. आणि भारतातल्या नातेवाइकांच्या ग्रुपवर अमेरिकेच्या राजकारणावरून कुणी ‘तुमच्या चर्चचे लोक’ म्हणून डिवचलं तर तिथे वाद घालू नका, त्या काकांना फोन करा. काकांना फोन आवडतो.

पायरी 6: चुकलात तर दारापर्यंत जा

त्या सिस्टरकडे, जी पर्स उचलून गेली, मी तीन दिवसांनी गेले. मेसेज चार वेळा लिहून खोडला होता. मेसेजवर माफी मागू नका. समोरच्याला तुमचा चेहरा दिसायला हवा.

माफीत तीन गोष्टी असाव्यात आणि चौथी नसावी. मी काय बोलले ते जसंच्या तसं. ते सगळ्यांसमोर बोलले हे. आणि पुढच्या वर्गात मी ते सगळ्यांसमोरच दुरुस्त करीन हे. स्वतःच्या मताचं स्पष्टीकरण नको. मला ते द्यायचा फार मोह झाला, ओठांपर्यंत आलं होतं. मी डब्यातून बेसनाचे लाडू नेले होते, तो डबा दोन्ही हातांनी धरून उभी राहिले. तिने आत बोलावलं नाही. “थँक यू फॉर कमिंग” म्हणाली, डबा घेतला. रविवारी मी वर्गात उठून बोलले. ती त्या दिवशी आली नव्हती. तिसऱ्या रविवारी आली, मागच्या रांगेत बसली, आणि जाताना माझा डबा परत दिला. रिकामा नव्हता, त्यात तिच्या झाडाची जर्दाळूं होती. आम्ही आजही जवळच्या मैत्रिणी नाही. पण ती येते.

मत्तयाच्या पाचव्या अध्यायात म्हटलंय की वेदीवर दान ठेवताना भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे हे आठवलं तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. सॅक्रामेंट दर आठवड्याला असतं, म्हणजे ही मुदतही दर आठवड्याची आहे. शनिवारी रात्री मी यादी करते. बहुतेक आठवड्यांत एखादं नाव निघतं.

पायरी 7: आणि तरीही आपल्या मतासाठी काम करा

प्रेमळपणा म्हणजे राजकारण सोडणं, असं कुणी सांगितलं तर मान्य करू नका. डॉक्ट्रिन अँड कव्हनंट्सच्या 98व्या प्रकरणात प्रामाणिक आणि शहाण्या माणसांना शोधून पाठिंबा द्यायला सांगितलं आहे. शोधायचं म्हणजे घरातून बाहेर पडावं लागतं. मॉर्मन विमेन फॉर एथिकल गव्हर्नमेंट ही संघटना 2017 पासून पक्षनिरपेक्ष राहून नेमकं हेच करते. अध्यक्ष नेल्सन यांनी एप्रिल 2023 मध्ये शांती करणाऱ्यांची गरज आहे असं म्हटलं तेव्हाही त्यांचा रोख कटुतेवर होता, मत असण्यावर नव्हता.

मार्च 2015 मध्ये युटाच्या विधिमंडळाने एक कायदा केला. लैंगिक कल किंवा ओळखीवरून कुणाला घर किंवा नोकरी नाकारता येणार नाही, आणि त्याच कायद्यात धर्मस्वातंत्र्याचंही संरक्षण. त्यासाठी चर्चचे प्रतिनिधी आणि समलिंगी हक्कांचे कार्यकर्ते एका टेबलावर बसले होते. दोन्हीकडच्यांना पुरतं हवं ते मिळालं नाही आणि दोन्हीकडून टीकाही झाली. तरी कुणाला तरी त्या वर्षी भाड्याचं घर मिळालं. मला अशा कामाबद्दल आदर आहे. त्याला वेळ लागतो, तो द्या. शिक्षण मंडळाच्या बैठकीला जा, आमदाराला स्वतःच्या शब्दांत पत्र लिहा, विरोधी बाजूच्या कार्यकर्त्याचं नाव माहीत करून घ्या.

आणि कॉकसला जा. युटात पक्षांच्या या मोहल्ला-बैठका बहुधा मार्चमधल्या एका मंगळवारी संध्याकाळी असतात. उमेदवार ठरवण्याची सुरुवात तिथे होते, आणि तिथे वीस माणसं आली तरी फरक पडतो. गेल्या वेळी, बैठकीच्या आदल्या रविवारी, त्या थरथरत्या हातांच्या ब्रदरनी मला चर्चच्या वाहनतळावर थांबवलं. त्यांना आता रात्री गाडी चालवायला जमत नाही, मुलगा गावाला गेलेला. त्यांच्या पक्षाची बैठक प्राथमिक शाळेत होती, माझ्या पक्षाची दोन मैलांवरच्या वाचनालयात. मी त्यांना सात वाजता शाळेच्या दारात सोडलं आणि पुढे गेले. माझी बैठक लवकर आटपली. नऊ वाजता परत आले तेव्हा ते पायरीवर उभे होते, कोटाची कॉलर वर केलेली, हातात घडी घातलेली उमेदवारांची पत्रकं. मी हीटर वाढवला आणि विचारलं, काय झालं आज. ते घर येईपर्यंत सांगत होते. मी मधे बोलले नाही.